नाळेतले रक्त : ठेव कुणाची, उपयोग कुणाला?

बाळंतपणे घरी व्हायची त्या काळात सुईण नाळ कापायची आणि वार परसात खड्डा करून पुरली जायची. ‘माझी नाळ या गावात पुरली आहे’ असे आजही म्हटले जाते, ते त्यामुळेच. आता बाळंतपण रुग्णालयात होते. बाळ रडते, नाळेला चिमटा लागतो, ती कापली जाते. काही मिनिटांत वार पडते, ती पूर्ण आली आहे ना हे डॉक्टर तपासतात आणि मग ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. तिच्याबरोबर नाळेत आणि वारेत उरलेले साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्तही जाते. टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढे.

या एवढ्याशा रक्ताबद्दल पुण्यातल्या डॉक्टरांना दोन प्रकारचे लोक विचारतात. पहिले असतात पहिलटकरीण आणि तिचा नवरा. सातव्या-आठव्या महिन्यात त्यांच्या हाती एखादे गुळगुळीत माहितीपत्रक आलेले असते. बाळाच्या नाळेतले रक्त साठवून ठेवा, हा त्याच्यासाठी आयुष्यभराचा ‘जैविक विमा’ आहे, असे त्यात लिहिलेले असते. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंतचे आकडे आणि हप्त्यांची सोयही असते. दुसरे असतात रक्ताचा कर्करोग उलटलेल्या किंवा अस्थिमज्जा निकामी झालेल्या मुलाचे आईवडील. घरात कुणाशीच जुळणी झालेली नसते. कुठल्या पेढीत आमच्या मुलाला चालेल अशी पिशवी मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे असते.

प्रश्न दोन असले तरी त्यांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. नाळेतले रक्त सगळ्यांसाठी एकत्र ठेवले तर त्याचा उपयोग होतो. आपापल्या नावाने कुलूपबंद केले तर बहुतेक वेळा ते तसेच पडून राहते. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी त्या रक्तात काय असते ते पाहू.

रक्त घडवणाऱ्या पेशी

नाळेतले आणि वारेतले रक्त आईचे नसते, बाळाचे असते. आपल्या शरीरात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका म्हणजेच प्लेटलेट्स तयार करण्याचे काम हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा करते. या सगळ्या पेशी तिथल्या मूलपेशींपासून घडतात. मोठ्या माणसाच्या शरीरात फिरणाऱ्या रक्तात या मूलपेशी अगदी तुरळक असतात. बाळाच्या जन्माच्या वेळी मात्र नाळेच्या रक्तात त्या चांगल्या संख्येने आढळतात.

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांत रुग्णाची स्वतःची बिघडलेली अस्थिमज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणोपचारांनी नष्ट केली जाते. मग दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या मूलपेशी शिरेतून, रक्त चढवतात तशाच, दिल्या जातात. या पेशी रक्तातून फिरत आपापली जागा शोधत हाडांच्या पोकळीत पोहोचतात आणि तिथे रुजल्या की काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. यालाच अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतात. भारतातले पहिले असे प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावंडाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या होत्या.

हेच काम नाळेतले रक्त करू शकते, हे त्यानंतर पाच वर्षांनी सिद्ध झाले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार असलेल्या एका पाच वर्षांच्या अमेरिकी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले. ते रक्त अमेरिकेत गोळा झाले होते. हॅल ब्रॉक्समायर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते गोठवले गेले आणि त्याच अवस्थेत पॅरिसला पोहोचवले गेले. मुलगा बरा झाला. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्रात डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी जगातली पहिली सार्वजनिक नाळरक्तपेढी उभी केली. कुणीही द्यावे आणि ज्याला जुळेल त्याने घ्यावे, ही आपल्या रक्तदानाचीच कल्पना त्यांनी नाळेच्या रक्ताला लावली. आज जगभरच्या सार्वजनिक पेढ्यांत मिळून सुमारे आठ लाख पिशव्या साठवलेल्या आहेत आणि चाळीस हजारांहून अधिक रुग्णांना नात्यात नसलेल्या बाळांचे रक्त मिळालेले आहे.

जुळणीचे गणित

साध्या रक्तदानात ए, बी, ओ आणि आरएच हे गट जुळले की बहुतेक काम भागते. मूलपेशींच्या बाबतीत मात्र पेशींवरच्या ‘एचएलए’ या खुणा जुळाव्या लागतात. या खुणांचा एक संच आपल्याला आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असायची. आता एक किंवा दोनच असतात. म्हणजे एकच भावंड असलेल्या चार रुग्णांपैकी तिघांना घरात पूर्ण जुळणारा दाता मिळत नाही.

मग घराबाहेर शोध सुरू होतो आणि तिथे वंश, जात, प्रदेश या गोष्टी आड येतात. एचएलए खुणा पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजात फिरत राहतात. आपल्याकडे शतकानुशतके लग्ने जातीतच होत आल्यामुळे प्रत्येक समाजाच्या खुणांचा स्वतःचा असा साचा बनला आहे. अमेरिकेच्या दाता नोंदणीचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा प्रौढ दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णाला ती साधारण एक तृतीयांश होती. नगर किंवा साताऱ्याच्या मुलाला जुळणारा दाता जर्मनीच्या नोंदवहीत सापडणे अवघड का, हे यावरून कळते. तो सापडण्याची शक्यता नगर-साताऱ्यातच जास्त असते.

नाळेतल्या रक्ताचा मोठा गुण इथे कामी येतो. बाळाच्या प्रतिकारपेशी अजून ‘शिकलेल्या’ नसतात. त्यामुळे जुळणी थोडी कमी असली तरी त्या रुग्णाच्या शरीरावर तुलनेने कमी आक्रमण करतात. प्रौढ दात्याच्या आठपैकी आठ किंवा दहापैकी दहा खुणा जुळलेल्या हव्या असतात, तर नाळेच्या रक्तात सहापैकी चार खुणा जुळल्या तरी प्रत्यारोपण करता येते. शिवाय पिशवी गोठवून तयारच असते. दाता शोधा, त्याची संमती घ्या, त्याची तपासणी करा, यात जाणारे आठवडे वाचतात.

पेढी चालते कशी?

सार्वजनिक नाळरक्तपेढीचे काम प्रसूतिगृहापासून सुरू होते. बाळंतकळा सुरू होण्याआधीच आईची लेखी संमती घेतलेली असते. कळा देणाऱ्या बाईपुढे कागद सरकवणे हे नियमांत बसत नाही आणि माणुसकीतही. घरातल्या आनुवंशिक आजारांची, आईच्या प्रकृतीची आणि प्रवासाची विचारपूस होते. आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया अशा संसर्गांसाठी तपासणी होते.

बाळ जन्मल्यावर नाळ कापली जाते आणि बाळ आईजवळ दिले जाते. त्यानंतर वारेच्या बाजूला राहिलेल्या नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवून घेतात. यात आईला किंवा बाळाला टोचले जात नाही. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते. ती पिशवी ठरावीक तापमानाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाते आणि साधारण दोन दिवसांच्या आत तिच्यावर प्रक्रिया व्हावी लागते.

प्रयोगशाळेत पहिली परीक्षा होते ती पेशींच्या संख्येची आणि बहुतेक पिशव्या इथेच बाद होतात. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच ते तीन कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. दहा किलोच्या मुलाला पंचवीस-तीस कोटी पेशी पुरतात. साठ किलोच्या माणसाला दीडशे ते एकशे ऐंशी कोटी लागतात. गोठवून पुन्हा वितळवताना काही पेशी मरणार हेही धरावे लागते. म्हणून चांगल्या पेढ्या आपली मर्यादा उंच ठेवतात आणि गोळा झालेल्या निम्म्याहून अधिक पिशव्या साठवणीला न घेता संशोधनाला देतात किंवा टाकून देतात. रक्त दिले म्हणजे ते साठवले जाईलच असे नाही, हे संमती घेतानाच आईला सांगितले जाते.

पिशवी पास झाली तर तिच्यातल्या तांबड्या पेशी आणि रक्तद्रव काढून उरलेला भाग वीस-पंचवीस मिलिलिटरपर्यंत आटवतात. त्यात डीएमएसओ हे द्रव्य घालतात, म्हणजे पेशीच्या आत बर्फाचे धारदार स्फटिक होत नाहीत. मग तापमान मिनिटाला एक अंश अशा सावकाश गतीने उतरवतात आणि शेवटी पिशवी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १५० अंशांच्याही खाली ठेवतात. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश असते. तो रोज थोडा थोडा उडून जातो. त्यामुळे दिवाळी असो की लॉकडाऊन, टाकी भरत राहावी लागते, धोक्याच्या घंटा चालू राहाव्या लागतात आणि रात्रपाळीला माणूस लागतो.

याच्या जोडीला एचएलए तपासणी, रक्तगट, जंतुसंसर्ग आणि आपल्याकडे फार महत्त्वाची असलेली थॅलेसेमिया व सिकलसेलची तपासणी होते. या आजारांच्या बाळाचे रक्त दुसऱ्या कुणाला चुकून दिले गेले तर एका आजाराच्या जागी दुसरा आजार पदरी पडेल. सगळे ठीक असेल तर पिशवीची नोंद बाळाच्या नावाशिवाय, केवळ सांकेतिक क्रमांकाने शोधयादीत जाते. पुढे दहा वर्षांनी जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला डॉक्टर ती मागवू शकतो. पिशवीला जोडलेल्या इवल्याशा नळीतला नमुना पुन्हा तपासून तीच पिशवी असल्याची खात्री केली जाते आणि नायट्रोजनने गार ठेवलेल्या खास डब्यातून ती रवाना होते.

साध्या रक्ताची पिशवी पाच-सहा आठवडे टिकते. नाळेतल्या रक्ताची पिशवी दशकानुदशके टिकते. ब्रॉक्समायर यांनी तेवीस वर्षांपूर्वी गोठवलेले रक्त वितळवून त्यातल्या मूलपेशी कामाच्या असल्याचे २०११ मध्ये दाखवून दिले.

भारतात २०११ च्या अखेरीस औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती होऊन नाळरक्तपेढ्यांसाठी स्वतंत्र परवाना आला. पेढीची जागा, यंत्रे, कर्मचाऱ्यांची पात्रता, तपासण्या हे सगळे त्यात बांधून दिलेले आहे.

पुण्याचा वाटा

गोठवणे आणि वितळवणे हा या साऱ्या प्रवासातला नाजूक टप्पा आहे. पेशी जिवंत राहिल्या तरी पुरत नाही. त्यांना हाडाच्या पोकळीचा रस्ता सापडला पाहिजे आणि तिथे त्या चिकटल्या पाहिजेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने नेमक्या याच प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. गोठवण्याच्या नेहमीच्या द्रावणात ट्रेहॅलोज ही साखर आणि कॅटालेज हे विकर मिसळले तर काय होते, हे त्यांनी तपासले. ट्रेहॅलोज पेशीच्या आवरणाला आधार देते, तर कॅटालेज गोठण्या-वितळण्यात तयार होणाऱ्या हानिकारक पेरॉक्साइडचा नाश करते. या दोहोंच्या जोडीने पेशींवरच्या महत्त्वाच्या खुणा, त्यांची हालचाल आणि चिकटण्याची क्षमता अधिक चांगली टिकते, असे त्यांच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसले. हे निष्कर्ष २००० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. नाळेतल्या थोडक्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतील का, त्यांच्यापासून बिंबिका तयार करता येतील का, यावरही या गटाने काम केले. म्हणजे पेढीला लागणारे ज्ञान शहरात आहे. मोठी प्रसूतिगृहे आहेत, अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारी रुग्णालये आहेत. गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरांपासून जनकल्याण रक्तपेढीसारख्या संस्थांपर्यंत रक्तदानाची परंपराही आहे.

मग अडते कुठे? मुख्यतः पैशापाशी. सार्वजनिक पेढी आईकडून एक पैसाही घेत नाही. गोळा करणे, तपासणे, गोठवणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे हा सगळा खर्च पेढीचा. त्यातही निम्म्याहून अधिक पिशव्या आधीच बाद झालेल्या असतात आणि साठवलेल्यांपैकी फार थोड्या पिशव्या कधीतरी मागवल्या जातात. हा खर्च भरून काढण्यासाठी परदेशी पेढ्या एका पिशवीमागे तीस-चाळीस हजार डॉलर आकारतात. एवढी रक्कम मोजणे आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यात नाही. सरकारी आधाराशिवाय अशी पेढी जगभरात कुठेच फारशी टिकत नाही. आपल्याकडे चेन्नईच्या ‘जीवन’सारख्या ना-नफा संस्थेने सार्वजनिक पेढीचा प्रयत्न केला. पण देशाची लोकसंख्या आणि समाजांची विविधता पाहता सार्वजनिक साठा तोकडाच राहिला. खासगी पेढ्या मात्र झपाट्याने वाढल्या, कारण तिथे खर्च आईवडील करतात.

‘जैविक विमा’ किती खरा?

मुलाला त्याचे स्वतःचेच रक्त पुढे लागेल का? आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत ही शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी असल्याचे अंदाज आहेत. शक्यता एवढी कमी का, याचे कारण जाहिरातीत सहसा नसते. थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा कुठलाही जनुकीय आजार असेल तर तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. बिघडलेल्या बियाण्याने पुन्हा पेरणी करून पीक सुधारत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात अनेकदा पहिला जनुकीय बदल जन्माच्या आधीच झालेला असतो, हे नवजात बाळांच्या टाचेतून टिपलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. शिवाय कर्करोगात दुसऱ्याच्या पेशी हव्या असतात, कारण त्या उरल्यासुरल्या कर्करोगपेशींना परक्या म्हणून ओळखून मारतात. स्वतःच्या पेशी हे करत नाहीत.

म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, पुढे स्वतःसाठी वापरता येईल म्हणून नाळेतले रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. भारतीय बालरोग अकादमीची आणि अमेरिकी बालरोग अकादमीची भूमिकाही हीच आहे. अमेरिकी अकादमीच्या २०१७ च्या निवेदनानुसार सार्वजनिक पेढीतली पिशवी वापरली जाण्याचे प्रमाण खासगी पेढीतल्या पिशवीच्या सुमारे तीसपट आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह यांवर उपयोग होईल अशी आशा दाखवली जाते. पण या आजारांवर मूलपेशींचा उपचार आपल्याकडे मान्य नाही.

अलीकडे सभासदांचा एकत्रित साठा, अशीही योजना आली आहे. स्वतःपुरत्या साठ्यापेक्षा ती तर्काला जवळची आहे. पण तिचे दार पैसे भरलेल्यांसाठीच उघडे असते. ससूनच्या वॉर्डात आलेल्या शेतमजुराच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

थॅलेसेमियाच्या घरासाठी वेगळा नियम

एक अपवाद महत्त्वाचा आहे. घरात एका मुलाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा प्रत्यारोपणाने बरा होणारा दुसरा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर नव्या बाळाच्या नाळेतले रक्त जरूर साठवावे. अर्थात ते बाळ निरोगी असले पाहिजे आणि जुळणी झाली पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भावंडाच्या नाळरक्तानंतर सहा वर्षांनी थॅलेसेमियाची ८० टक्के आणि सिकलसेलची ९० टक्के मुले आजारमुक्त होती.

भारतात दरवर्षी थॅलेसेमिया मेजरची सुमारे दहा हजार मुले जन्मतात. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. पिंपरीच्या सिंधी वस्तीत या आजाराची कुटुंबे आहेत, तशी ती इतर समाजांतही आहेत. सिकलसेलचा भार नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत मोठा आहे. या घरांना हेही सांगायला हवे, की नात्यात नसलेल्या बाळाच्या नाळरक्ताने थॅलेसेमियात मिळालेले निकाल बरेचदा निराशाजनक होते. पेशी न रुजण्याचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे अभ्यासाच्या चौकटीबाहेर तो मार्ग सुचवला जात नाही.

काळ बदलला आहे

नाळेतल्या रक्ताच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. पेशी कमी असल्याने त्या रुजायला उशीर लागतो. अस्थिमज्जेच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत काम सुरू करतात, तर नाळेच्या पेशींना तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस रुग्ण संसर्गाच्या तोंडी असतो. पिशवी एकदाच मिळते. दात्याकडे पुन्हा मागायला जाता येत नाही.

दरम्यान दुसरी वाट सापडली. आईवडिलांशी मुलाची जुळणी नेहमीच निम्मी असते. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध देऊन अशा अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपणही सुरक्षित करून दाखवले. रक्ताच्या कर्करोगाच्या ३६८ प्रौढ रुग्णांवरचा तौलनिक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर अर्ध्या जुळणीच्या गटातले ५७ टक्के आणि दोन नाळरक्तपिशव्या मिळालेल्या गटातले ४६ टक्के रुग्ण हयात होते. या नव्या वाटेमुळे प्रौढांत नाळरक्ताची मागणी घटली. आपल्याकडे तर वडील किंवा आई शेजारीच बसलेली असते आणि औषधही स्वस्त आहे.

पण म्हणून पेढ्यांचे दिवस संपले असेही नाही. कमी वजनाची लहान मुले, घरात योग्य दाता नसलेले रुग्ण आणि हर्लर सिंड्रोमसारखे काही जन्मजात चयापचयाचे आजार यांत नाळरक्ताला आजही मानाचे स्थान आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नाळपेशींच्या एका उपचाराला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. यापुढे पेढी लागेल ती हजारो पिशव्यांचे गोदाम म्हणून नव्हे, तर मोजक्या, भरपूर पेशींच्या, नीट तपासलेल्या आणि आपल्या समाजांची विविधता पुरेपूर सामावणाऱ्या पिशव्यांची. तशी पेढी चालवायची तर मोठ्या सरकारी प्रसूतिगृहांनी रक्त पुरवावे, एकाच उत्तम प्रयोगशाळेने ते सांभाळावे आणि खर्चाचा भार सरकारने उचलावा, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

पहिला हक्क बाळाचा

आणखी एका हिशेबाकडे दुर्लक्ष होते. जन्मल्यानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांत सुमारे १०० मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे जाते. त्यातल्या लोहावर बाळाचे पुढचे काही महिने निभावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळपास ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. अशा राज्यात हे लोह फार मोलाचे आहे. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने कापली तर बाळाचे हक्काचे रक्त आपण काढून घेतो. खरी सार्वजनिक पेढी म्हणूनच आधी थांबते आणि उरलेले रक्तच गोळा करते. त्यामुळे पिशव्या कमी भरतात, पण नियम तोच राहिला पाहिजे.

मग आईवडिलांनी काय करावे? लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पतिपत्नींनी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयातही होते आणि तिचा खर्च पेढीच्या हप्त्यापुढे नगण्य आहे. दोघेही वाहक निघाले तर लगेच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. घरात आजारी भावंड असेल तर रक्तविकारतज्ज्ञाशी बोलून नव्या बाळाचे रक्त साठवावे. तसे नसेल तर नाळ उशिरा कापावी, एवढेच डॉक्टरांना सांगावे आणि लाखभर रुपये बाळाच्या खऱ्या आरोग्यविम्यासाठी, लसींसाठी आणि शिक्षणासाठी ठेवावेत. सार्वजनिक पेढीला देण्याची सोय असेल तर संमती द्यावी. आणि ज्या तरुण बापाला कुणाच्या मुलासाठी काही करावेसे वाटते, त्याने प्रौढ मूलपेशीदात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना द्यावा लागतो, त्याला दोन मिनिटे पुरतात. पुढे कधी जुळणी होऊन बोलावणे आले तर मात्र माघार घेऊ नये, कारण तोवर पलीकडच्या रुग्णाला औषधे देऊन त्याची अस्थिमज्जा पुसण्याची तयारी सुरू झालेली असू शकते.